आवाज गेले नाहीत तर? सायकोसिसच्या सुरुवातीच्या काळातली ‘स्वीकारा’ची थेरपी

“म्हणजे त्याला जे ऐकू येतं ते खरं आहे, असं आम्ही मानायचं का?”

लालबागहून आलेल्या एका आईने मला हे विचारलं, तेव्हा तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली मुलाची फाइल होती. बावीस वर्षांचा मुलगा शेजारीच बसला होता, कानात इअरफोन घालून. गाणी चालू नव्हती. वायरची पिन खिशाबाहेर नुसतीच लोंबत होती. कानात काहीतरी असलं की आवाज जरा कमी येतात, असा त्याचा अनुभव. मी नुकतंच दोघांना सांगितलं होतं, की पुढच्या काही भेटींमध्ये आपण आवाज घालवायच्या मागे लागणार नाही. ते येत असतानाही दिवस कसा जगता येईल, यावर काम करू. आईच्या जिवाची घालमेल झाली यात नवल नाही. दीड वर्ष ती देवापुढे एकच मागणं मागत होती, ते आवाज जाऊ देत.

तिच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही, म्हणून एवढं लिहिते आहे.

मुलाला आपण समीर म्हणू. कोणाची ओळख लागू नये म्हणून दोन-तीन मुलांच्या हकिकती मी त्याच्यात एकत्र केल्या आहेत.

आधी सायकोसिसबद्दल. हे एका आजाराचं नाव नाही, ती अवस्था आहे. ताप जसा मलेरियात येतो, डेंग्यूत येतो, टायफॉइडमध्येही येतो, तसा सायकोसिस स्किझोफ्रेनियात दिसतो, बायपोलर आजारात दिसू शकतो, तीव्र डिप्रेशनमध्ये, गांजासारख्या नशेमुळे, कधी बाळंतपणानंतरही. इतरांना न येणारे आवाज ऐकू येतात, ते भास. कोणीतरी माझ्या मागावर आहे, टीव्हीवरचा निवेदक माझ्याबद्दलच बोलतोय, अशी खात्री बसते आणि कितीही पुरावे दिले तरी ती हलत नाही, तो भ्रम. बोलण्याला धरबंध राहत नाही. आणि याच्याबरोबरच, पुष्कळदा याच्या आधीच, माणूस आतून विझत जातो. आंघोळ नको, मित्र नकोत, जेवणाचीही गोडी नाही. घरच्यांचं याकडे सगळ्यात उशिरा लक्ष जातं, कारण ‘आळशी झालाय’ हा शब्द हाताशी तयार असतो.

सुरुवात बहुतेकदा पंधरा ते तीस या वयात होते. म्हणजे कॉलेज, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, सगळं जमून येण्याच्या काळात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी साधारण १.४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी असा त्रास झाल्याचं आढळलं. हा आकडा दुर्मीळ आजाराचा नाही.

समीर तेव्हा कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होता. लोकलमध्ये मागे उभे असलेले लोक आपल्याबद्दल कुजबुजतात, असं त्याला वाटायला लागलं. मुंबईत हे चटकन लक्षातही येत नाही. डब्यात कोणी ना कोणी बोलतच असतं, कोणाची ना कोणाची नजर आपल्यावर असतेच. मग घरात, रात्री दोन वाजता, सगळे झोपलेले असताना एक बाई आणि एक पुरुष त्याच्याबद्दल बोलू लागले. “हा बघ, उठला. आता पाणी पिणार. कशाला जगतो हा?” चाळीतल्या भिंती पातळ, त्यामुळे त्याने पलीकडच्या बिऱ्हाडावर संशय घेतला. भांडणं झाली. मामा म्हणाला, हे बाहेरचं आहे. गावी देवऋषीकडे नेलं, नारळ झाले, ताईत झाले. पहिला भास आणि पहिली गोळी यांच्यामध्ये अकरा महिने गेले.

या मधल्या काळाला फार किंमत आहे. अमेरिकेत ३४ दवाखान्यांमध्ये सायकोसिसच्या पहिल्या टप्प्यातल्या ४०४ जणांवर एक मोठा अभ्यास झाला. औषधं, बोलण्याची थेरपी, घरच्यांना माहिती आणि शिक्षण-नोकरीसाठी मदत, असं सगळं एकत्र दिलं तर नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा होतो, असं त्यात दिसलं. त्यातही ज्यांचे उपचार ७४ आठवड्यांच्या आत सुरू झाले होते, त्यांना तो फायदा अधिक झाला. मामावर मी रागावले नाही. त्याला जे ठाऊक होतं ते त्याने पोटतिडकीने केलं. तो या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत समीरचा संशय बराच उतरला. झोप लागायला लागली. पलीकडच्या काकूंकडे तो स्वतः जाऊन माफी मागून आला. आवाज मात्र पूर्ण गेले नाहीत. दिवसभर असायचे ते संध्याकाळपुरते उरले. काहींचे पूर्ण जातात, काहींचे असे मागे रेंगाळतात. इथे घरोघरी एक चूक होते. ‘गुण आला’ म्हणून किंवा ‘गुण येत नाही’ म्हणून, दोन्ही कारणांनी, गोळ्या परस्पर बंद केल्या जातात. पहिल्या झटक्यातून सावरलेल्या रुग्णांचा पाच वर्षं मागोवा घेणारा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. औषध बंद केलेल्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जवळपास पाचपट होता. म्हणून आधीच सांगते, पुढे ज्या थेरपीबद्दल लिहिणार आहे ती गोळ्यांच्या जोडीने चालते, गोळ्यांच्या जागी नाही. वजन वाढतं, सुस्ती येते, हात थरथरतात, या तक्रारी खऱ्या असतात. त्या डॉक्टरांना सांगायच्या. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, पण ते त्यांनी ठरवायचं.

उरलेल्या आवाजांशी समीरने युद्ध मांडलं होतं. आम्ही एका कागदावर लिहून काढलं, की आवाज येऊ नयेत म्हणून तू आजवर काय काय केलंस? इअरफोन. खिडक्या बंद. मनातल्या मनात शिव्या. उशीत तोंड खुपसून उलट उत्तरं. लोकल सोडली, मग कॉलेज सोडलं, मग मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप. प्रत्येक उपायापुढे दोन रकाने केले, आराम किती वेळ पडला आणि त्यापायी काय गेलं. पहिल्या रकान्यात दहा मिनिटं, अर्धा तास, असं काहीबाही आलं. दुसरा रकाना भरता भरता तो थांबला आणि म्हणाला, “आवाज होते तेवढेच आहेत. बाकीचं सगळं गेलं.”

लहानपणी ऐकलेली ती औषधाची अट आठवते ना? औषध रामबाण आहे, फक्त पिताना माकडाची आठवण काढायची नाही. एरवी वर्षानुवर्षं मनात न आलेलं माकड वाटी तोंडाला लावताच समोर हजर. मनाशी झटापट केली की ज्याच्याशी झटतो तेच मोठं होतं. आवाजांचंही तसंच. त्यांच्यापासून पळण्यात आणि त्यांच्याशी भांडण्यात सगळा दिवस गेला, म्हणजे दिवस त्यांच्याच नावावर जमा झाला.

या झटापटीतून हात मोकळे करणारी पद्धत म्हणजे ‘ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’, आम्ही तिला नुसतं ‘ॲक्ट’ म्हणतो. अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेस यांनी १९८०च्या दशकात तिची बांधणी सुरू केली आणि १९९९ मध्ये सहकाऱ्यांसह त्यावर पहिलं सविस्तर पुस्तक लिहिलं. चिंता, नैराश्य, जुनाट दुखणी यांसाठी ती वापरली जाऊ लागली आणि मग सायकोसिससाठीही.

मराठीत अडचण येते ती ‘स्वीकार’ या शब्दापाशी. आपल्या कानांना त्यात ‘पदरी पडलं आणि पवित्र झालं’ ऐकू येतं. विशेषतः आईच्या पिढीच्या बायकांना. त्यांनी आयुष्यभर स्वीकार म्हणजे सोसणं, असंच पाहिलं आहे. म्हणून मी त्या आईला पावसाचं सांगितलं. पाऊस थांबला की कामाला जाऊ असं म्हणणारा मुंबईकर जून ते सप्टेंबर घरीच बसेल. आपण छत्री घेतो, पँट दुमडतो आणि निघतो. पाऊस आवडतो म्हणून नाही, पाऊस म्हणेल ते ऐकायचं म्हणूनही नाही. तो पडतोय एवढं मान्य करतो आणि आपल्या कामाच्या दिशेने चालू लागतो. आवाज जे सांगतात ते खरं मानायचं नाही, ते आवडून घ्यायचं नाही, त्यांचा हुकूम पाळायचा नाही. ‘मला आत्ता आवाज येतोय’ एवढंच काय ते मान्य करायचं. ती म्हणाली, “पण पाऊस शिव्या देत नाही हो.” बरोबर होतं तिचं. म्हणूनच पुढची पायरी लागते, आणि ती शिकायला वेळ जातो.

ती पायरी म्हणजे शब्द आणि आपण यांच्यामध्ये थोडी जागा करणं. या बाबतीत आपली भाषा मदतीला येते. मराठीत आपण ‘असं मनात आलं’ म्हणतो, ‘आवाज येतात’ म्हणतो. येणारी गोष्ट वेगळी आणि जिच्याकडे ती येते ती व्यक्ती वेगळी, हे त्या क्रियापदातच आहे. समीरच्या आवाजाचं एक ठरलेलं वाक्य होतं, “तू घराला लागलेला कलंक आहेस.” ते त्याने स्वतःच्या हाताने एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं. मी म्हटलं, आता हा नाकासमोर धर, अगदी टेकव. आई दिसते? नाही. खिडकी? नाही. कागदापलीकडे काहीच दिसेना. हात भरून आला तेव्हा म्हटलं, आता मांडीवर ठेव. कागद तोच, वाक्य तेच. पण आई दिसायला लागली, खिडकी दिसली, वर फिरणारा पंखा दिसला. पंख्याच्या वाऱ्याने कागदाचा कोपरा फडफडत होता, तो त्याने अंगठ्याने दाबून धरला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “हा घरी नेऊ का?” आठवडाभर तो त्याने घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. दुकानात गेला तर कागद बरोबर, जेवायला बसला तर कागद बरोबर. कागद फाडून टाकायचा नव्हता आणि वाचत बसायचाही नव्हता.

ज्यांनी सीबीटीबद्दल, म्हणजे विचार तपासून बघायला शिकवणाऱ्या ‘कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी’बद्दल, वाचलं असेल त्यांना फरक लक्षात येईल. सायकोसिससाठीची सीबीटी विचारते, या समजुतीला पुरावा काय, दुसरं काही स्पष्टीकरण असू शकेल का? तीही चांगली पद्धत आहे आणि तिच्यामागे संशोधन जास्त आहे. ॲक्ट खऱ्याखोट्याचा निवाडा बाजूला ठेवते आणि विचारते, या आवाजाचं ऐकून वागलास तर तुला हव्या असलेल्या आयुष्याच्या जवळ जातोस की लांब? वाद घालून थकलेल्या मुलाला हा प्रश्न सोपा जातो. त्याच्याशी वाद घालणारी माणसं घरात भरपूर झालेली असतात.

आवाजाशी आपलं नातं कसं आहे यावर त्रास किती होतो हे ठरतं, असं मला कामातून वाटत आलं आहे. मानववंशशास्त्रज्ञ टान्या लुहरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातलं सॅन मटेओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई इथे आवाज ऐकणाऱ्या प्रत्येकी वीस जणांशी बोलून एक तुलना केली होती. अमेरिकेतले लोक आवाजांकडे आजाराचं लक्षण म्हणून पाहत आणि त्यात हिंसा जास्त असे. चेन्नईत पुष्कळांना नातेवाइकांचे आवाज येत. ते रागावत, पण आंघोळ कर, घरातलं हे काम कर, असंही सांगत. इथेही त्रास होताच. पण आवाजाशी असलेलं नातं जागा बदलली की बदलतं, तर ते प्रयत्नानेही थोडं बदलता येईल, ही आशा मला त्यातून मिळते.

मामा पाचव्या भेटीला आला. बेस्टमध्ये चालक आहे. ॲक्टमधलं सगळ्यात गाजलेलं रूपक बसचंच आहे. चालक तू, मागे चढलेले प्रवासी म्हणजे तुझे विचार, आठवणी, आवाज. त्यातले काही दांडगट. ते ओरडतात, “इकडे वळव, नाहीतर पुढे येतो.” मी एवढंच सांगितलं आणि मामालाच विचारलं, तुम्ही काय करता? तो म्हणाला, “काय करणार? मागे कितीही आरडाओरडा होऊ दे, आपलं लक्ष रस्त्यावर. मागे वळून भांडायचं तर आधी गाडी उभी करावी लागते.” समीर त्याच्याकडे बघत राहिला. हे मला इतकं नेमकं सांगता आलं नसतं. लंडनमध्ये सायकोसिस असलेल्यांच्या गटांसाठी जे ॲक्टचे वर्ग तयार झाले, ते याच बसच्या रूपकाभोवती रचले आहेत.

गाडी जायची कुठे, हा थेरपीचा दुसरा अर्धा भाग, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. मी समीरला विचारलं, आवाज नसते तर काय केलं असतंस? ‘नोकरी’ असं ठोकळेबाज उत्तर आधी आलं. मग थोड्या वेळाने, “छकुलीला क्लासवरून आणायचो मी.” बहीण सातवीत. तिला सांभाळणारा भाऊ असणं, हे त्याला मोलाचं होतं. ते ध्येयासारखं गाठून संपत नाही, रोज थोडं थोडं त्या दिशेने जाता येतं. पहिल्या आठवड्यात फक्त संध्याकाळी सहाला चाळीच्या दारापर्यंत. दुसऱ्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत. संध्याकाळ ही त्याची आवाजांची वेळ, म्हणून मुद्दाम तीच निवडली. तिसऱ्या आठवड्यात क्लासपर्यंत निघाला आणि अर्ध्यातून परत आला. त्यावर आम्ही एक अख्खी भेट घालवली. कुठल्या वळणावर पाय थांबले, छातीत काय झालं, आवाज काय म्हणाला, आणि मग घरी पोचल्यावर बरं वाटलं की वाईट? चौथ्या आठवड्यात तो तिला घेऊन आला. वाटेत आवाज बोलतच होते, असं त्याने सांगितलं. बहिणीने गणिताच्या बाईंबद्दल काय सांगितलं, तेही त्याला आठवत होतं.

ॲक्टमध्ये लक्ष एकाग्र करण्याचे, श्वासाकडे बघण्याचे सरावही असतात. त्यावरून मामाने सुचवलं, की इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला पाठवू का? इथे मी ठामपणे ‘नको’ म्हटलं. दहा दिवसांचं मौन आणि तासन्‌तासांचं ध्यान सायकोसिसमध्ये त्रास वाढवू शकतं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी हे शिबिर करू नये, असं विपश्यना केंद्रांचे नियमही सांगतात. थेरपीतला सराव अगदी छोटा असतो, फार तर दहा मिनिटं. हवं तर डोळे उघडे ठेवायचे. लांब शांतता नसते. थेरपिस्ट मध्येमध्ये बोलत राहतो, म्हणजे माणूस आवाजांबरोबर एकटा पडत नाही.

आता हिशेबाचं बोलू. २००२ साली पॅट्रिशिया बाख आणि हेस यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या ८० जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ॲक्टच्या चार भेटी मिळाल्या. पुढच्या चार महिन्यांत त्यांच्यातल्या पुन्हा दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्मं होतं. गंमत अशी, की लक्षणं आहेत असं सांगणारे या गटात जास्त होते, पण त्या लक्षणांवरचा त्यांचा विश्वास कमी झाला होता. पुढचे निकाल इतके ठळक नाहीत. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये सायकोसिसच्या उंबरठ्यावर किंवा पहिल्या टप्प्यात असलेल्या १४८ जणांवर, मोबाइल ॲपची जोड देऊन केलेला अभ्यास २०२२ मध्ये आला. सायकोसिसमुळे होणारी तगमग हे त्यातलं मुख्य मोजमाप होतं, आणि त्यात ॲक्टचा गट नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरला नाही. पण रोजचे व्यवहार सुधारले आणि तो विझलेपणा कमी झाला. मी काम करते त्या मुलांमध्ये मला जे दिसतं, ते या दुसऱ्या निकालासारखं आहे. आवाज कमी करण्याचं औषध म्हणून या थेरपीकडे गेलात तर निराश व्हाल. मुलगा पुन्हा घराबाहेर पडावा म्हणून गेलात तर जाण्यात अर्थ आहे. आणि संशय शिगेला पोचलेला असताना, झोप उडालेली असताना ही थेरपी सुरू करू नये. आधी औषधाने थोडी जमीन पायाखाली येऊ द्यावी.

मुंबईत सुरुवात कुठे करायची? केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. केस पेपर काढून दाखवता येतं. ठाण्यात १९०१ पासूनचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर बोलायचं तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते, पैसे लागत नाहीत. ॲक्ट शिकलेले थेरपिस्ट सगळीकडे नसतात, तेव्हा सरळ विचारा: तुम्ही सायकोसिस असलेल्यांबरोबर काम केलं आहे का, आणि आमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलाल का? दुसऱ्या प्रश्नाला ‘गोळ्या बंद करा, मी बघतो’ असं उत्तर आलं, तर तिथून उठा. २०१८ पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, आपल्यावर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे माणसाला बरा असताना लिहून ठेवता येतं. समीरने आपल्या वतीने बोलायला मामाचं नाव लिहिलं.

घरच्यांसाठी एक गोष्ट. रात्री दोन वाजता तो विचारतो, “तुला ऐकू येतंय ना?” ‘हो’ म्हणणं खोटं, आणि ‘काही नाही, झोप गुपचूप’ म्हटलं की तो एकटा पडतो. समीरच्या आईने हे वाक्य पाठ केलं: “मला नाही रे ऐकू येत. पण तुला येतंय आणि तू घाबरलायस हे दिसतंय मला. मी बसते इथे.” मग वाद नाही, समजावणं नाही. पाणी, दिवा, पाठीवर हात चालत असेल तर हात.

याला एक अपवाद आहे. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असतील, तो ते ऐकेल अशी धास्ती वाटत असेल, जेवण-झोप दोन-तीन दिवस पूर्ण सुटली असेल, तर त्या वेळी स्वीकार, थेरपी, पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट, सगळं बाजूला. त्याला एकटं सोडायचं नाही, घरातल्या गोळ्या आणि धारदार वस्तू उचलून ठेवायच्या आणि त्याच रात्री जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यायचं. फाइल बरोबर घ्या. चालू गोळ्यांची नावं आणि डोस फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. रात्रीच्या ड्युटीवरच्या डॉक्टरला आधी तेच लागतं.